एका मिशीचा मासा

पाण्याखाली दिसलेल्या माशाला नाव लावताना पहिला दगा देतो तो रंग. पाचेक मीटर खाली गेलं की तांबडा रंग जवळजवळ नाहीसाच होतो. उरतं ते हिरवट-करडं काहीतरी. दुसरा दगा आकाराचा. मास्कच्या काचेतून सगळं साधारण एक तृतीयांशानं मोठं दिसतं. बोटीवर आल्यावर कुणी हात फाकवून "एवढा होता!" म्हणालं, की मी मनातल्या मनात त्यातला पाव भाग वजा करून टाकतो.

मग भरवसा ठेवायचा कशावर? हा प्रश्न मला नीट भिडला तो टोबरमोरीला. कॅनडात ह्युरॉन सरोवराच्या काठी हे छोटंसं गाव आहे. तिथल्या पाण्यात वीसहून जास्त बुडालेली जहाजं आहेत आणि १९८७ पासून तो सगळा भाग 'फॅदम फाइव्ह' या सागरी उद्यानात मोडतो. सागर मैलोन्‌मैल नसला तरी. भर उन्हाळ्यातही खोलवर गेलं की गार पाणी ओठांना झोंबतं. अशाच पाण्यात, एका जहाजाच्या तळाच्या फळीखालून हातभर लांब मासा अर्धा बाहेर आलेला दिसला. डोकं चपटं, अंगावर चट्टे, मागचा भाग निमुळता.

भीमाकाठी वाढलेल्या माणसाला पहिली आठवते ती मरळ. तसलंच सापासारखं डोकं, पाठीवर तसाच लांबलचक पर. पण आपली मरळ उबदार, संथ पाण्यातली, हवा घ्यायला सारखी वर येणारी. ती इथे या गारठ्यात कशाला येईल? शिवाय तिच्या पाठीवर एकच सलग पर असतो. इथे पुढे एक आखूड आणि मागे एक लांब, असे दोन दिसत होते. या तळ्यांत बोफिन नावाचा एक मासा थेट मरळीसारखा दिसतो, तोही याच मुद्द्यावर बाद झाला. वाम म्हणावं, तर शेपटी वेगळी आणि गोल. मग तो जरासा वळला आणि हनुवटीच्या मधोमध लोंबणारी मिशी दिसली. एकच. आपल्या मागुराला मिशांच्या चार जोड्या असतात.

तो बर्बट होता. कॉडच्या गोतावळ्यातले बाकीचे सगळे समुद्राकाठचे नाहीतर समुद्रातले. जन्मभर गोड्या पाण्यात राहणारा हा एकटाच. बाकीचे मासे थंडीनं मंदावतात त्या ऐन हिवाळ्यात, बर्फाखाली, तो अंडी घालतो. इंग्लंडमध्ये तो १९६९ नंतर कुणाच्या गळाला लागला नाही. बिळाकपारीत दडून बसण्याची त्याची खोड जुनीच आहे. चेकॉव्हच्या १८८५ सालच्या एका गोष्टीत काही माणसं नदीत मुळाखाली बसलेल्या बर्बटला बाहेर काढायला धडपडतात आणि मासा निसटतो.

मला वाटतं, आपली मत्स्यपुस्तकं मेलेल्या माशासाठी लिहिलेली आहेत. पराचे काटे मोजा, कडेच्या रेषेवरचे खवले मोजा. भोयाच्या हातात मासा असतो, प्रयोगशाळेत तो टेबलावर असतो. दोघांनाही मोजायला सवड असते. पाण्यात त्याची वेळ त्याच्या मर्जीवर, वर माझ्या टाकीतली हवा संपत आलेली. तिथे कामाला येतं ते वेगळंच: पाणी किती गार, तळ खडकाळ की गाळाचा, मासा एका जागी ठाण मांडून बसलाय की भिरभिरतोय, चाहूल लागल्यावर पळतो की आणखी आत सरकतो. खरं तर निम्मी निवड त्या गार पाण्यानंच करून टाकली होती. मिशीनं फक्त शिक्का मारला.

आणि पुस्तकातला मासा नेहमी कडेनं काढलेला असतो. आम्हाला तो वरून दिसतो, नाहीतर समोरून, तोंड पुढे करून बसलेला. वरून दिसणाऱ्या माशांचं एखादं पुस्तक कुणीतरी काढायलाच हवं. तोवर कुणाची हनुवटी पाहायची, तर गाळ न ढवळता तळाशी पालथं पडून वाट बघणं आलं.