दिवा लागला म्हणजे सेन्सरच गेला का?

आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. व्हाउचर पाहिल्याशिवाय खर्च टाकायचा नाही, ही हाताला लागलेली सवय. गाडीच्या यंत्रातले आम्हाला काही कळत नाही, पण गेल्या पावसाळ्यात ही सवयच कामी आली.

आमच्या पुतण्याने कर्ज काढून २०१४ सालची जुनी पेट्रोल गाडी घेतली आहे. छत्रपती संभाजीनगरच्या स्टेशनवरून वेरूळ, अजिंठ्याची भाडी मारतो. पोरींची फी, बँकेचा हप्ता, सगळे त्यातूनच. एके दिवशी चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि ॲव्हरेज १८ वरून १३ वर आले. एका गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला. कोड आला पी ०१३१. "ऑक्सिजन सेन्सर गेला, ४५०० लागतील."

"काका, हप्ता तोंडावर आहे, उसने द्या," पुतण्या म्हणाला.

"देतो. पण सेन्सर गेला हे तपासले कोणी?"

कोणीच नव्हते.

वस्तीतला आय.टी.आय. झालेला एक मुलगा रविवारी डिजिटल मीटर घेऊन आला. कोडचा अर्थ एवढाच, की सेन्सरकडून व्होल्टेज कमी येते. का कमी येते, ते कोड सांगत नाही, हे त्याने आधी सांगितले. हा सेन्सर इंजिनातून निघणाऱ्या धुरात किती ऑक्सिजन उरला ते पाहतो. (१९७६ साली तो पहिल्यांदा व्होल्वो गाडीत बसला.) ऑक्सिजन जास्त, म्हणजे पेट्रोल कमी पडले, तर ०.१ व्होल्टच्या आसपास. पेट्रोल जास्त झाले तर ०.९ पर्यंत. चांगला सेन्सर या दोन आकड्यांत सारखा वरखाली होतो.

इंजिन तापवून त्याने जोडणी न काढता सिग्नलच्या तारेला मागून टाचणी लावली. आकडा ०.१ वर चिकटलेला. आमचा जीव खाली आला. मग त्याने जोरात रेस दिली, तसा आकडा ०.८ वर चढला! रेस सोडल्यावर पुन्हा खाली. म्हणजे सेन्सर जिवंत होता. रेस देऊनही आकडा हलला नसता, तर बदलणे भागच होते. (नव्या काही गाड्यांत वेगळ्या जातीचा सेन्सर असतो, तो साध्या मीटरने असा तपासता येत नाही.)

दुसऱ्या दिवशी थंड इंजिन चालू केले, तर मॅनिफोल्डजवळ टिक टिक आवाज, आणि पॅकिंगला काजळीचा ओघळ. फाटलेल्या पॅकिंगमधून बाहेरची हवा आत ओढली जात होती. सेन्सरला तोच ऑक्सिजन दिसे, आणि गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल कमी समजून आणखी ओतत बसे. ॲव्हरेज गेले ते त्यात.

पॅकिंग आणि मजुरी मिळून ७०० रुपये. दिवा विझला. तो मीटर पुतण्याने विकत घेतला. सध्या शेजारच्या रिक्षावाल्याकडे आहे, अजून परत आलेला नाही.