पिलाताचं नाव

रविवार, रात्र

आज मंदिरात विश्वासांगीकार म्हणताना ‘पंतय पिलात’ या नावापाशी जीभ अडखळली. लहानपणापासून म्हणत आलेय, पण आज डोळ्यांपुढे तो दगड आला.

१९६१ साली कैसरियाच्या किनाऱ्यावर इटालियन पुरातत्त्वज्ञ रोमन नाट्यगृह उकरत होते. तिथल्या जिन्यात एक जुना चुनखडीचा दगड पुन्हा वापरलेला सापडला. त्यावर लॅटिन अक्षरं. डावी बाजू झिजून गेलेली, त्यामुळे पहिल्या नावातलं ‘तियुस’ एवढंच उरलंय. पुढे मात्र ‘पिलातुस’ स्पष्ट. खाली हुद्दा, यहूदियाचा प्रीफेक्ट. त्याच्या हयातीतला दगड! कुणा गवंड्याने तो पायरीला लावला, आणि त्यामुळेच तो वाचला.

या दगडाने येशूचं पुनरुत्थान सिद्ध होत नाही, आणि मला तसं ते व्हायलाही नको. श्रद्धा काही उत्खननाच्या अहवालावर उभी नाही. पण माझा प्रभू ‘कोणे एके काळी’ जन्मला नाही. त्याला शिक्षा सुनावणारा माणूस खरा होता, त्याची कचेरी खरी होती. हे हाताला लागलं की प्रार्थनेला जमीन मिळते.

त्याहून जास्त हलवून गेलं ते १९६८ साली जेरुसलेममध्ये सापडलेलं टाचेचं हाड. वधस्तंभावर दिलेल्या एका माणसाचं, नाव यहोहानान. आरपार गेलेला लोखंडी खिळा टोकाशी वाकलाय, म्हणून काढता आला नसावा. घरच्यांनी तो तसाच ठेवून अस्थी पेटीत जपल्या.

त्याची आई तेव्हा होती का, हेच मनात घोळतंय.