गार्नेटच्या पोटात

गार्नेट हे अधाशी खनिज आहे. जमिनीखाली खडक दबत-तापत जातो, जुनी खनिजे मोडून नवी घडतात, आणि या उलथापालथीत गार्नेटचा स्फटिक वाढतो तो शेजाऱ्यांना गिळत. क्वार्ट्‌झचा कण, अभ्रकाचा पापुद्रा, रुटाइलची सुई, वाटेत येईल ते आत. गाभ्यातले कण आधी अडकलेले, कडेचे मागाहून. म्हणून स्फटिकाचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली आतून बाहेर पाहत गेले, की खडकाच्या प्रवासाचा क्रम लागू लागतो.

खडकाचा बाकीचा भाग विसरभोळा असतो. तो वर येऊ लागला की बाहेरची खनिजे नव्या दाबाशी जुळवून घेतात, पाणी झिरपले तर फारच झपाट्याने, आणि खोलीची खूण पुसली जाते. गार्नेटच्या आत पाणी सहसा पोचत नाही, शिवाय त्याची भिंत भक्कम.

या भिंतीने काय राखून ठेवले असेल, याची मोठी प्रचिती 1984 मध्ये आली. इटलीतल्या पश्चिम आल्प्समध्ये डोरा-मायरा नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथले पायरोप जातीचे गार्नेट फिकट गुलाबी, काही स्फटिक तर मुठीहूनही मोठे. फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ क्रिस्तियाँ शोपँ यांना त्यांच्या पोटात कोएसाइट सापडले. कोएसाइट म्हणजे सिलिकाच, पण दाबाने घट्ट बसलेली. लॉरिंग कोस यांनी ती 1953 मध्ये प्रयोगशाळेत बनवली होती. निसर्गात ती 1960 मध्ये ॲरिझोनाच्या उल्काविवरात मिळाली, पण तो आघाताचा क्षणिक दाब होता. डोरा-मायरात उल्का पडलेली नाही. सुमारे 700 अंश सेल्सिअसला कोएसाइट टिकायला वातावरणाच्या जवळपास 28,000 पट दाब लागतो, म्हणजे नव्वद ते शंभर किलोमीटरची खोली.

खडक वर येताना कोएसाइटला पुन्हा क्वार्ट्‌झ व्हायचे असते आणि त्यासाठी सुमारे 10 टक्के जास्त जागा हवी असते. गार्नेट ती देत नाही. जुन्या तटबंदीच्या सांध्यात पिंपळ रुजावा तसा हा कण फुगू पाहतो, आणि त्याच्याभोवती चारी दिशांना तडे जातात. कित्येकदा कोएसाइट पुरते संपलेले असते. उरतात ते हे तडे आणि कडेने उभ्या रांगेत बसलेले क्वार्ट्‌झचे कण. जाणकाराला तेवढीही साक्ष पुष्कळ होते.

या शोधाने जो धक्का बसला तो खोलीच्या आकड्याचा नव्हे, खडकाच्या जातीचा. खंडाचे कवच हलके. ते प्रावरणात फार खोल बुडणार नाही, हा समज पक्का होता. डोरा-मायराचा खडक तर खंडाचाच, आणि तो सुमारे साडेतीन कोटी वर्षांपूर्वी तिथवर जाऊन परतही आला. 1990 मध्ये कझाकस्तानातल्या कोक्चेताव्ह भागातून त्यापुढची बातमी आली: तिथल्या गार्नेटमध्ये सूक्ष्म हिरे होते, म्हणजे खोली आणखी जास्त. भारतीय भूपट्टाच्या उत्तर कडेचीही हीच कथा. लडाखमध्ये त्सो मोरीरी सरोवराच्या परिसरातल्या एक्लोजाइट खडकात, गार्नेटच्या आत, कोएसाइट मिळाले आहे. भारत आशियाला भिडू लागला तेव्हा, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी, ही कड खाली ओढली गेली होती.

इतका बारीक कण ओळखायचा तर स्फटिक फोडून चालत नाही. भिंत फुटली की आतला दाबही गेला. इथे रामन यांनी 1928 मध्ये दाखवलेला प्रकाशाचा परिणाम कामी येतो. लेसरच्या विखुरलेल्या प्रकाशात कोएसाइटची ठळक रेषा 521 या तरंगांकाशी उमटते, क्वार्ट्‌झची 464 शी. क्वार्ट्‌झची रेषा या जागेवरून किंचित सरकली असेल, तर कण अजून दाबाखाली आहे असे समजते, आणि त्या सरकण्यावरून तो कोंडला गेला तेव्हाचा दाब गणिताने काढता येतो.

दाबाची साक्ष अशी, तर उष्णतेचीही आहे. केरळच्या खोंडालाइट पट्ट्यात खडक सुमारे 900 अंशांपर्यंत तापून अंशतः वितळला. त्या रसाचे थेंब वाढत्या गार्नेटमध्ये कोंडले गेले. काही काचरूपात गोठले, काहींचे अतिसूक्ष्म स्फटिकांचे ग्रॅनाइट झाले. बाहेरचा रस वाहून गेला किंवा आसपासच्या खनिजांशी मिसळून बदलला. त्याची मूळ घडण मोजायची तर अभ्यासक या थेंबांकडेच वळतात.