गाडीचे काठ

लुगडे हातात घेतले की जाणती बाई आधी काठ पाहते, मग पदर, आणि अंगाच्या पोताकडे सर्वांत शेवटी वळते. सोलापुरात, त्यातही भवानी पेठेत, ही गोष्ट कोणाला शिकवावी लागत नाही. मोटारगाडीचेही असेच असते हे मात्र आम्हांला पन्नाशी उलटल्यावर, एक जुनी गाडी दारात आल्यावर उमगले. गाडीचा पत्रा म्हणजे तिचे अंग. बंपर, दारांवरची बीडिंगची पट्टी, दारांच्या मुठी, आरशांची टोपणे, पुढची जाळी, चाकांवरच्या टोप्या आणि मागच्या दारावरची अक्षरे हे तिचे काठपदर. पाहणाऱ्याची नजर पत्र्यावरून घसरते आणि काठाशी थांबते. तिथे तो गाडीची तब्येत वाचत नाही, किंमत वाचतो.

ही किंमत तिथे लिहिलेलीच असते. एकाच साच्यातून निघालेली एकच गाडी बाजारात तीन-चार रूपांनी येते. पत्रा तोच, पुष्कळदा इंजिनही तेच. फरक आत असतो: काचा वरखाली करणारी बटणे, गाणी वाजवणारी पेटी, गाद्यांचे कापड. परंतु आतला फरक रस्त्यावरच्या माणसाला दिसत नाही. तो दिसावा म्हणून स्वस्त रूपाच्या बंपरला, मुठींना, आरशांना अंगाचा रंग दिलेला नसतो. ती कच्च्या काळ्या प्लास्टिकचीच राहतात. कारखान्याचा रंग वाचतो हे खरे, पण तेवढेच कारण असेल असे आम्हांला वाटत नाही. वरच्या रूपासाठी जादा पैसे मोजणाऱ्याला खालचे रूप दुरून वेगळे ओळखू यावे लागते, नाहीतर त्याने पैसे मोजले कशासाठी? अमेरिकेत जनरल मोटर्सने आल्फ्रेड स्लोन यांच्या काळात शेव्हर्लेपासून कॅडिलॅकपर्यंत किमतींची शिडी रचली आणि १९२७ साली हार्ली अर्ल यांच्या हाती गाड्यांच्या रूपरंगाचा स्वतंत्र विभाग दिला. कोण कोणत्या पायरीवर उभा आहे हे सांगण्याचे काम पुढे क्रोमच्या पट्ट्यांनी इमानेइतबारे केले. आपल्याकडे अँबॅसिडर आणि पद्मिनीच्या दिवसांत गाडी असणे हीच पायरी होती. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, मागोमाग इतर आल्या, गाड्या वाढल्या तशा पायऱ्याही वाढल्या. 'एलएक्सआय' आणि 'व्हीएक्सआय' ही अक्षरे तर मराठी बोलण्यात अशी रुळली, की स्थळाची चौकशी करतानाही ती ऐकू येतात.

यातली गंमत अशी की शिडी उलटीही होते. २०१४ साली टोयोटाची इटिऑस क्रॉस आली, २०१५ साली ह्युंदाईची आय-२० अॅक्टिव्ह, २०१७ साली मारुतीची सेलेरिओ एक्स. नेहमीच्याच गाड्या, फक्त चाकांभोवती आणि दारांखाली काळ्या, बिनरंगाच्या प्लास्टिकची जाड झालर. गरिबीची खूण असलेले तेच प्लास्टिक आता डोंगरदऱ्यांत जाणाऱ्या साहसी माणसाची खूण म्हणून, जादा पैसे घेऊन, विकले जाऊ लागले. फॅशनबद्दल अनेक जाड ग्रंथ आहेत. आम्हांला तरी ही झालर त्यांतल्या बऱ्याच ग्रंथांहून बोलकी वाटते. रोलाँ बार्थ यांनी सित्रोएन डीएस या गाडीवर लिहिले तेव्हा प्रदर्शनातल्या गर्दीचे हात गाडीच्या सांध्यांवरून, कडांवरून कसे फिरतात हे नेमके टिपले होते. बार्थ यांची गाडी पॅरिसच्या दिमाखदार दालनात उभी होती. आमची भवानी पेठेच्या बोळात उभी आहे, पण हात तिथेच फिरतात.

आमची गाडी सर्वांत खालच्या पायरीवरची, बारा वर्षांची, तिसऱ्या हाताची, लाल. घरचे चार माग दोन वर्षांपूर्वी थांबले. चालवणारे हात उरले नव्हते, आणि टॉवेलला मिळणाऱ्या भावात विजेचे बिलही निघत नव्हते. माग भंगारात, वजनावर गेले. त्या पैशांत थोडी भर घालून थोरल्या काकांनी ही गाडी घेतली. ती दारात लागली तेव्हा गल्लीने तिच्याकडे मागांच्या हिशेबाने पाहिले. चार मागांचे एवढेच आले का, असा तो प्रश्न होता. तोंडाने कोणी विचारला नाही. बारा उन्हाळ्यांनी बंपर राखेसारखा पांढुरका झाला होता आणि डाव्या दाराची पट्टी अर्धी सुटून लोंबत होती. डेंटिंग-पेंटिंगवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून काका घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "तीन हजारांत जे होईल ते आपण आपल्या हातांनी करू. भंगार देऊन भंगार आणलं असं दिसायला नको."

बंपर पांढुरका का होतो, हे आधी समजून घ्यावे लागते. हे प्लास्टिक बहुधा पॉलिप्रॉपिलीन जातीचे असते आणि काळेपणा त्यात मिसळलेल्या काजळीचा. उन्हातले अतिनील किरण पृष्ठभागावरच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडतात, सूक्ष्म भेगा पडतात, प्रकाश त्यांत विखुरतो आणि काळे करडे दिसू लागते. मे महिन्यात पारा ४३ अंशांवर जाणाऱ्या गावात हे लवकर होते. खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली चोळली की भेगा भरतात, बंपर झळाळतो. आणि मग तेलकट अंगावर दुप्पट धूळ बसते. गरम हवेच्या बंदुकीने शेकले तर वरचा थर किंचित मऊ होऊन पुन्हा काळा दिसतो, पण तोही काही महिन्यांचाच पाहुणा, आणि बंदूक एका जागी रेंगाळली तर प्लास्टिक वाकडे होते. टिकायचे तर रंगच हवा. या प्लास्टिकवर मात्र रंग सहजी धरत नाही. प्लास्टिकचा खास प्रायमर आधी द्यावा लागतो, नाहीतर पहिल्या पावसात पापुद्रे निघतात.

रंग कोणता, यावर दोन संध्याकाळी गेल्या. काकांना बंपर लाल हवा होता, वरच्या पायरीवरच्या गाडीसारखा. परंतु बारा वर्षे विटलेल्या लालाशेजारी नवा लाल ठेवला की दोन्ही परके दिसतात. जुन्या चादरीला नव्या सुताचे ठिगळ लावावे तसे. आईने प्रश्न सोडवला. ती म्हणाली, "काळं होतं ना? मग काळंच करा, पण नीट करा." बिनचमकीचा काळा ठरला.

एवढे ठरले, आणि भवानी पेठेने आपली अडचण पुढे केली. शेजारचे माग अजून चालतात आणि हवेत सतत कापसाचे तूस तरंगत असते. ओल्या रंगावर ते बसले की बंपरला मिशा फुटणार. म्हणून मागांच्या सुट्टीची सकाळ धरली, आणि तीही सहाची, कारण ऊन चढल्यावर फवाऱ्याचे थेंब प्लास्टिकवर पोहोचण्याआधीच वाळतात आणि पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत होतो. आदल्या दिवशी साबणाने धुऊन, बारीक पॉलिश पेपरने घासून ठेवले होते. पत्रा आणि प्लास्टिक यांच्या सीमेवर मास्किंग टेप लावण्याचे काम आईने मागून घेतले. आयुष्यभर कांड्या भरलेला तो हात; टेपची कड दोऱ्यासारखी सरळ गेली, एक सुरकुती नाही. प्रायमर, मग काळ्याचे तीन पातळ हात. एकच जाड हात दिला तर ओघळ येतात. सुटलेली पट्टी दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने बसवली. जुना गोंद पूर्ण खरवडून, जागा कोमट करून, दाबून धरून, आणि एक दिवस पाणी न लावता. एकूण खर्च २,१४० रुपये झाला.

सरकारी नियमांची आठवण अशा वेळी कोणीतरी करून देतोच. कंपनीने दिलेल्या गाडीत मूलभूत बदल करायला मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आड येते, अंगाचा रंग बदलला तर नोंदणीत तशी दुरुस्ती करावी लागते, २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काचांवरच्या काळ्या फिल्मला मनाई केली आणि २०१७च्या डिसेंबरात केंद्राने बंपरपुढच्या लोखंडी गार्डांवर कारवाई करण्यास राज्यांना सांगितले. काळा बंपर काळाच राहिला, तेव्हा आमच्याकडे येण्याचे कोणाला कारण नव्हते.

खरा वाद अक्षरांवरून पेटला. मागच्या दारावरची तीन अक्षरे गाडीची पायरी सांगत होती. वरच्या पायरीची अक्षरे बाजारात दीडशे रुपयांना मिळतात, आणि पुष्कळजण ती लावतात. रेडियमवाल्याने काकांना ती दाखवलीही होती, वर विचारले होते, "काय करायलाव काका, टॉप मॉडेल करायलाव काय?" काकांना ती लावायची होती. आमची बाजू त्यांच्याकडे थोडी झुकत होती हे सांगायला हरकत नाही. जी खूण कारखान्याने हिणवण्यासाठी लावली ती पुसण्यात फसवणूक कोणाची? आईचे म्हणणे वेगळे होते. टॉवेलच्या गठ्ठ्यावर कमी वजनाला जास्त वजनाची चिठ्ठी लावणारे व्यापारी तिने पाहिले होते. "आपण कधी लावली नाही ती चिठ्ठी," एवढेच ती म्हणाली, आणि काका गप्प झाले. मग तोड निघाली: जुनी अक्षरे काढायची, नवी लावायची नाहीत.

अक्षरे दोऱ्याने काढतात. मागून दोरा घालून करवतीसारखा ओढायचा, म्हणजे पत्र्याला ओरखडा जात नाही. घरात सुताला तोटा नव्हता, पण गोंदात सुती दोरा तुटतो. मासेमारीचा नायलॉनचा दोरा आणावा लागला. अर्ध्या तासात तिन्ही अक्षरे हातात आली. खाली मूळचा गडद लाल, बारा उन्हाळे न पाहिलेला, भोवती विटलेला. अक्षरे गेली होती आणि तिथेच, आधीपेक्षा स्वच्छ, वाचता येत होती. काकांनी रबिंग कंपाउंड घेऊन दुपारभर घासले, तेव्हा कडा थोड्या पुसट झाल्या. संध्याकाळी शेजारचा मुलगा सायकल टेकवून वाकला आणि एकेक अक्षर मोठ्याने वाचून दाखवू लागला. काकांनी त्याला फडके दिले, "वाचतोस तर पुसही," म्हणून.

आईने उरलेला टेप गुंडाळून कांड्यांच्या जुन्या डब्यात ठेवला आहे. चाकांच्या टोप्या अजून व्हायच्या आहेत. तीन आहेत, चौथी जुन्या बाजारात शोधायची आहे.