उडतं का?

निवृत्त माणसानं काय करावं याविषयी मतभेद असतील, पण काय करू नये याविषयी आपल्याकडे एकमत आहे. त्यानं घरात लुडबुड करू नये. बँकेतून निवृत्त झाल्यावर पहिल्याच पंधरवड्यात मी स्वयंपाकघरातल्या डब्यांना अनुक्रमांक घातले, तेव्हा आमच्या सौ.नं मला हे तीन निरनिराळ्या पद्धतींनी सांगितलं. चौथी पद्धत ऐकायची माझी तयारी नव्हती. म्हणून मी विमानं बांधायला घेतली.

दचकू नका. विमानं खऱ्याची हुबेहूब असली तरी प्लास्टिकची असतात. एका चपट्या खोक्यातून राखाडी प्लास्टिकच्या चौकटी येतात आणि त्या चौकटींना शेवग्याच्या शेंगांसारखे पंख, शेपट्या, चाकं, वैमानिकाची खुर्ची असं काय काय लटकलेलं असतं. ते सगळं नखं कापायच्या कात्रीनं सोडवायचं, पॉलिश पेपरनं घासायचं, चिमट्यात धरून चिकटवायचं, रंगवायचं, आणि शेवटी हवाई दलाची तिरंगी चक्रं पाण्यात भिजवून कागदावरून अलगद पंखावर सरकवायची. एका विमानाला मला दोन महिने लागतात. त्यातला एक महिना फरशीवर पडलेलं चाक शोधण्यात जातो. ते चाक साबुदाण्याएवढं असतं आणि आमच्या घरात उपास फार, त्यामुळे दोनदा फसगत झालेली आहे.

या दुनियेचा कारभार 1/72 या प्रमाणात चालतो. 72च का, तर त्या हिशेबानं एका इंचात सहा फूट बसतात. सहा फुटी वैमानिक बरोबर एक इंचाचा होतो. हे प्रमाण एकदा डोक्यात शिरलं की माणूस दिसेल त्या गोष्टीला 72नं भागायला लागतो. मी पाच फूट चार इंच, म्हणजे इंचभरसुद्धा नाही. आमच्या नांदेडहून लातूर सुमारे 140 किलोमीटर, म्हणजे दोन किलोमीटरही नाही, जेवणानंतर शतपावली करत जाऊन यावं. पेन्शनला तेवढं भागावं लागत नाही. ती मुळातच 1/72 प्रमाणात येते.

या छंदात मला गोंदानं, रंगानं, चष्म्यानंसुद्धा इतकं छळलेलं नाही, जितकं एका प्रश्नानं छळलं. विमान पाहिलं की जो तो विचारतो, “उडतं का?” दूधवाल्यानं विचारलं. गॅस सिलिंडर आणणाऱ्यानं, सिलिंडर खांद्यावर असताना विचारलं. खोकी घेऊन येणारा कुरियरवाला पोरगा तर दर वेळी विचारतो, सहीसाठी पावती पुढे करायची आणि “काका, मागचं उडालं का?” नाही म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर जी कीव उमटते, ती मी याआधी फक्त कर्ज नामंजूर झालेल्यांच्या बायकांच्या चेहऱ्यावर पाहिली होती. तीही नवऱ्यांबद्दल.

शेवटी मी अभ्यास केला. इंग्लंडात फ्रॉग नावाची एक कंपनी उडणारी खेळण्यातली विमानं विकायची. 1936 साली तिनं याच 1/72 प्रमाणातली, न उडणारी, जोडायची प्लास्टिकची विमानं काढली आणि त्यांना नाव दिलं ‘पेंग्विन’. का? तर पेंग्विन हा पक्षी आहे, पण उडत नाही! मला फार आधार वाटला. त्या दिवशी दूधवाल्याला मी ही सगळी हकिकत सांगितली. तो शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, “म्हणजे उडत नाही.”

माझं पहिलं मोठं काम म्हणजे एअर इंडियाचं जम्बो. 1971 साली हे बोइंग 747 आपल्याकडे आलं, तेव्हा त्याच्या प्रत्येक खिडकीभोवती राजवाड्यासारखी लाल झरोक्याची महिरप रंगवलेली होती. विमान सत्तर मीटरचं. ते 1/72 प्रमाणात केलं असतं तर मीटरभर भरलं असतं आणि सौ.नं त्याच्यावर कपडे वाळत घातले असते. म्हणून प्रवासी विमानं याच्या निम्म्या, 1/144 प्रमाणात करतात. तरीही ते 49 सेंटिमीटर झालं. त्या सगळ्या महिरपी मी दात कोरायच्या काडीनं रंगवल्या. रंगवून झाल्या त्याच दिवशी कामाच्या बाईंनी ओलं फडकं फिरवलं आणि डाव्या बाजूच्या सोळा खिडक्यांवरून राजवाड्याची कळा गेली. “लाल डाग पडले होते, काढून टाकले,” असं त्या वर म्हणाल्या.

ते जम्बो आता शोकेसवर आहे. आमच्या शहराला विमानतळ आहे. 2017 साली उडान योजनेत इथून हैदराबादचं विमान सुरू झालं, तेव्हा आम्ही धावपट्टीच्या दिशेनं माना वर करून उभे होतो. मधल्या काळात विमानं कधी सुरू असतात, कधी बंद. शोकेसवरचं विमान मात्र बारा महिने जागेवर सापडतं, हे नांदेडकरांनी ध्यानात घ्यावं.

मग मी लढाऊ विमानांकडे वळलो आणि मिग-21 घेतलं. हे विमान जन्मानं रशियन. आपल्या हवाई दलात ते 1963 साली आलं आणि पुढं नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात शेकड्यांनी तयार झालं. म्हणजे निम्मं मराठीच. त्यातलं ‘बिस’ नावाचं शेवटचं रूप मी निवडलं आणि रंगासाठी वजिराबादेतल्या एका दुकानात गेलो.

“राखाडी रंग पाहिजे.”

“किती खोल्या?”

“खोल्या नाहीत. विमान आहे.”

दुकानदार सावरून बसला. “किती स्क्वेअर फूट?”

मी हिशेब करूनच गेलो होतो. खऱ्या मिगच्या पंखांचं क्षेत्रफळ 23 चौरस मीटर. 72चा वर्ग 5184. भागाकार केला की 44 चौरस सेंटिमीटर, म्हणजे एका पोस्टकार्डाचा तिसरा हिस्सा. हे ऐकल्यावर त्यानं नोकराला हाक मारली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “काकांना आधी पाणी दे.”

या सगळ्या उद्योगात मला धास्ती होती ती एकाच माणसाची. सौ.चे लातूरचे मामा. मामा हवाई दलात एअरफ्रेम फिटर होते आणि सार्जंट म्हणून निवृत्त झाले. वीस वर्षांतली बरीचशी त्यांनी मिग-21च्या पोटाखाली काढली होती. आता वय 76. बोलणं कमी. माझं जम्बो त्यांनी पाहिलं होतं आणि “स्वच्छ आहे” एवढाच अभिप्राय दिला होता, तोही अशा सुरात की मी ते लगेच कुठं तरी मळवावं. त्यामुळे 2025च्या महालक्ष्म्यांना लातूरला जेवायचं बोलावणं आलं, तेव्हा मी मिग घेऊन जायचं ठरवलं.

मिगची अडचण त्याच्या नाकाची. नाकासमोर एक लांब, बारीक नळी असते, भाल्यासारखी. तिला पिटोट म्हणतात. तिच्या तोंडून वारा आत शिरतो आणि त्याच्या दाबावरून वैमानिकाला आपला वेग कळतो. आमच्या प्रमाणात ही नळी शेवयीएवढी. मिठाईच्या खोक्यात कापूस घालून त्यात मी विमान ठेवलं आणि बसमध्ये ते मांडीवर घेऊन बसलो. लोहा गेलं. शेजारच्या आजीनं विचारलं, “काय नेऊ लालाव? पेढे?” मी म्हटलं, “विमान.” आजी खिडकीकडं सरकून बसल्या. अहमदपूर येईपर्यंत मी डोळ्यांत तेल घालून जागा होतो. चाकूरच्या अलीकडे तेल संपलं. मला डुलकी लागली, मान पुढं कलली आणि अस्मादिकांचं डोकं खोक्यावर आदळलं. एवढं मोठं लढाऊ विमान शेवटी माझ्या कपाळानं पाडलं.

मामांच्या घरी महालक्ष्म्यांपुढची आरास लागली होती. लाडू, करंज्या, बाहुल्या, लाकडी बैलगाडी. मी मोडक्या नाकाचं विमान बाहेर काढलं तशी पोरं धावली. “उडतं का?” मी काही बोललो नाही. मामा आले, चष्मा पुसला, विमान तळहातावर घेतलं आणि खिडकीच्या उजेडात गेले. पाच मिनिटं घरात पुरणाच्या वासाशिवाय काही हललं नाही.

“नळी कुठाय?”

मी तुकडा दाखवला.

“बरं झालं मोडली. चुकीच्या जागी लावली होती तुम्ही. मधोमध नसती ती बिसला. वरच्या अंगाला, जराशी उजवीकडं.”

ते आत गेले आणि बी-बाराच्या इंजेक्शनची एक इंची सुई घेऊन आले. पकडीनं तिचं टोक तोडलं. मामांचा हात एरवी कपबशी धरताना थरथरतो. मामी चहा अर्धाच कप देतात. त्या दिवशी सुई नाकाशी नेताना तो हात भिंतीसारखा स्थिर होता. मी बघतच राहिलो.

मग त्यांनी मामींकडून लाल खणाची एक चिंधी मागितली, तिची बारीक फीत कापली, तिच्या टोकाला नखाएवढी टोपी शिवून घेतली आणि ती सुईच्या तोंडावर चढवली.

“जमिनीवर असताना टोपी पाहिजे. नाहीतर किडा, माती काहीबी शिरतं. आणि उडायच्या आधी काढायलाच पाहिजे. राहिली तर आत बसलेल्याला वेग कळत नाही.”

माझ्यातला हिशेबनीस जागा झाला. “मामा, पण ही फीत दीड सेंटिमीटर आहे. खऱ्यात एक मीटरच्या वर जाईल. प्रमाणात नाही.”

“फीत दिसायलाच असते, जावईबापू. न दिसण्यापरीस मोठी बरी.”

आणि त्या दिवशी मामा बोलले. उड्डाणाआधी विमानांच्या सगळ्या लाल टोप्या काढून मोजून घ्यायच्या, हे त्यांचं काम. एका सकाळी चार विमानं जायची होती. मोजल्या तर एक टोपी कमी. पहिलं विमान निघालेलं. मामा दोन्ही हात वर करून त्याच्या आडवे पळाले. सगळी विमानं थांबली. शोधाशोध झाली.

“सापडली?”

“सापडली की. माझ्याच दुसऱ्या खिशात.”

“मग बोलणी बसली असतील.”

“पोटभर. दोन दिवस जेवणाची गरज पडली नाही. पण ज्याचं विमान थांबवलं तो पोरगा, असंल पंचविशीचा, संध्याकाळी शोधत आला. म्हणाला, पुन्हा शंका आली तर पुन्हा थांबव.” मामांनी विमान आरशीत मांडावं तसं हलक्या हातानं आरशीपाशी, बैलगाडीशेजारी ठेवलं. “म्हणून थांबवत गेलो.”

मी बँकेत तीस वर्षं पैन्‌पैचा हिशेब जुळवला. एक रुपया जुळला नाही म्हणून रात्री नऊपर्यंत बसलो आणि त्याचा दिमाख आजवर मिरवला. त्या रुपयानं कुणाचा जीव गेला नसता, हे मला पुरणपोळी समोर येईपर्यंत सुचलं नव्हतं.

निघताना मामांनी मिठाईच्या खोक्याचं झाकण मागून घेतलं. उड्डाणाआधी फॉर्म 700वर आधी कारागिरांच्या सह्या होतात आणि मग विमान ताब्यात घेणाऱ्या वैमानिकाची. मामांनी झाकणावर तारीख घालून सही केली आणि पेन माझ्या हातात दिलं. आयुष्यात मी हजारो कागदांवर न वाचता सह्या केल्या असतील. हे झाकण मी दोनदा वाचलं. वर फक्त ‘शुद्ध तुपातील’ असं छापलेलं होतं.

परत येताना मी बसमध्ये उभ्यानं आलो. बसलो असतो तर झोप लागली असती.

26 सप्टेंबर 2025. सकाळीच लातूरहून फोन. मामा फोन फार करत नाहीत.

“फीत काढा.”

“अं?”

“आज शेवटचं उड्डाण आहे चंदिगडला. टोपी काढा.”

मी शोकेस उघडलं, चिमट्यानं टोपी काढली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. मग दुसऱ्या खिशात ठेवली नाही ना, हे दोनदा चाचपून पाहिलं. टीव्हीवर मिग धडाडत वर गेली, फिरून आली, एकेक उतरली. पाण्याच्या फवाऱ्यांची कमान झाली. बासष्ट वर्षांचा हिशेब मिटला. सौ. कणीक मळता मळता बाहेर येऊन उभी राहिली होती. तिनंही काही विचारलं नाही.

पुन्हा फोन वाजला.

“उतरली सगळी. मोजली मी. आता लावा.”

मी टोपी लावली. एक मीटरच्या वर लांब, प्रमाणात न बसणारी, शोकेसच्या काचेतून पहिल्यांदा तीच दिसते. आता मी ती कापणार नाही.

तेवढ्यात बेल वाजली. कुरियरवाला पोरगा नवं खोकं घेऊन आला होता. पावती पुढं करता करता त्याची नजर शोकेसकडं गेली.

“काका, हे लाल शेपटीवालं उडतं का?”

“उडायचं,” मी म्हटलं. “आजच उतरलं.”

त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं, मान हलवली आणि सही न घेताच जिना उतरून गेला.