शेवटची ओळ

अभंग कुणाचा हे शेवटच्या ओळीत पाहायचं, ‘तुका म्हणे’ असेल तर तुकोबांचा, ‘नामा’ असेल तर नामदेवांचा. बीदर जिल्ह्यातल्या मराठी शाळांत शिकलेल्या आम्हा लोकांना ही सवय लहानपणीच लागते. शरणांच्या, म्हणजे बसवेश्वरांच्या परंपरेतल्या कन्नड संतांच्या, वचनांनाही मी हीच फूटपट्टी लावली आणि फसलो.

वचनाच्या शेवटी बहुतेक शरण स्वतःचं नाव घालत नाहीत, आपल्या देवाचं घालतात. बसवण्णांचा, म्हणजे बसवेश्वरांचा, कूडलसंगमदेव, अल्लमप्रभूंचा गुहेश्वर, अक्कमहादेवींचा चन्नमल्लिकार्जुन. याला अंकित म्हणतात. बसवजयंतीच्या स्मरणिकेसाठी मी कन्नड वचनं मराठीत आणायचो, तेव्हा शेवटची ती हाक मला नुसतं पालुपद वाटायची. पानावर जागा कमी, म्हणून ती उडवायचो आणि खाली ‘बसवेश्वर’ लिहून मोकळा व्हायचो. आम्ही बसवकल्याणच्या बाजूचे. वचन म्हटलं की बसवण्णांचंच, याबद्दल शंका घ्यायचं कारणच नव्हतं.

पुढे तीच वाक्यं फिरून माझ्याकडे येऊ लागली. शाळेच्या फळ्यावर, लग्नपत्रिकेवर, मोबाइलवर. एकाखाली तर चक्क गाडगेबाबांचं नाव! लोकांच्या अडाणीपणावर चरफडत मी मूळ शोधायला बसलो, तर माग माझ्याच स्मरणिकेपर्यंत आला. अंकित ठेवलं असतं तर कुणालाही पडताळता आलं असतं. ‘बसव वचन दीप्ती’ या पुस्तकात कूडलसंगमदेवच्या जागी लिंगदेव घातलं, म्हणून कर्नाटक सरकारने १९९८ मध्ये त्यावर बंदी आणली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ती कायम ठेवली. मी तर अंकित पुसूनच टाकत होतो.

विजापूरचे वकील फ. गु. हळकट्टी यांनी गावोगावची ताडपत्रं जमवून १९२३ मध्ये ‘वचनशास्त्रसार’ काढलं. पुढे एम. एम. कलबुर्गी यांच्या प्रमुख संपादनाखाली ‘समग्र वचन संपुट’चे १५ खंड झाले. ते समोर घेतले तरी माझी खोड गेली नाही. एके ठिकाणी ‘कूडलचन्नसंगमदेव’ दिसलं. मधला ‘चन्न’ मी छपाईची चूक समजलो. ते बसवण्णांच्या भाच्याचं, चन्नबसवण्णांचं अंकित. सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांचं ‘कपिलसिद्धमल्लिकार्जुन’ मी असंच आखूड केलं आणि त्यांचं वचन अक्कमहादेवींच्या पदरात टाकलं.

कलबुर्गीत एका कार्यक्रमात तर मी ठणकावून सांगितलं की उर्दू गद्याचं पहिलं पुस्तक इथल्या ख्वाजा बंदेनवाजांचं, ‘मेराजुल आशिकीन’. पुस्तकावर नाव त्यांचंच होतं ना! चहाच्या वेळी एका उर्दूच्या शिक्षकांनी मला बाजूला घेतलं. हाफिज कतील यांनी १९६८ मध्येच दाखवलं होतं की ते पुस्तक ख्वाजांचं नाही, फार नंतरच्या मखदूम शाह हुसैनी विजापुरींचं आहे. चारचौघांत बोलले नाहीत, हे त्यांचे उपकार.

जुन्या स्मरणिका काढून दुरुस्त्या कळवतो आहे. बहुतेक वचनांची मुळं लागली. एक मात्र १५ खंडांत कुठेच नाही. भाषा पाहता ते पान भरायला मीच लिहिलेलं वाक्य असावं. बसवण्णांच्या नावावर सगळ्यांत जास्त तेच चालतं.