मध्ये कोण उभं आहे

१९८० च्या आसपास पनवेलच्या आमच्या लाईन आळीत फोन एकच होता, कापडाच्या व्यापाऱ्यांकडे. आळीतल्या निम्म्या घरांच्या लग्नपत्रिकांवर आणि नोकरीच्या अर्जांवर तोच नंबर असायचा आणि पुढे पी.पी. अशी दोन अक्षरं. म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, निरोप आमचा. फोन आला की त्यांच्या घरातल्या काकू गॅलरीत येऊन हाक मारायच्या आणि जे पोर हाताशी असेल ते धावायचं. साधा फोन असेल तर पलीकडचा माणूस ठेवून द्यायचा आणि पाच मिनिटांनी पुन्हा करायचा. ट्रंक कॉल असला तर ती सोय नव्हती. मग आई ओले हात पदराला पुसत तशीच निघायची, पण पायरीशी थांबून केस मात्र सारखे करायची. परक्यांच्या बैठकीत जायचं होतं ना.

फोन त्यांच्या बैठकीच्या खोलीत, क्रोशाच्या रुमालाखाली. बोलायचं ते सगळ्यांदेखत. त्यामुळे आमच्या घरातल्या बायकांचं फोनवरचं बोलणं तारेसारखं झालं होतं: 'हो. बरं. कधी? सांगते ह्यांना.' मुलगी बघायला कोण येणार, कोणाची बदली झाली, कोणाला सही करायला बोलावलंय, हे आळीत आधी काकूंना कळायचं. ते त्यांच्या पोटात राहायचं असं मी म्हणणार नाही. एकदा एका घरचं जमलेलं लग्न मोडल्याची बातमी त्या घराच्या आधी पाणवठ्यावर पोचली होती आणि नंतर बरेच दिवस त्या घरची पोरं फोनसाठी टपाल नाक्यापर्यंत चालत जायची. पण वाईट बातमीच्या बाबतीत कापडवाल्यांच्या घराचा एक नियम होता. तेव्हा हाक नाही आणि पोरही नाही. शेठ स्वतः टोपी घालून जिना उतरायचे. टोपी घालून ते भर दुपारी बाहेर पडले की कोणाच्या दारात थांबतात हे सगळी आळी बघत असे. ज्याच्या दारात थांबायचे त्याला तोंड उघडण्याआधीच कळलेलं असायचं. ते आत येऊन बसायचे, पाणी मागायचे आणि मग सांगायचे.

दूरदर्शनचं मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं तरी आमच्याकडे टीव्ही यायला दहा वर्षं लागली. त्याबद्दल इतकं लिहून झालंय की मी भर घालत नाही. रविवारी 'रामायण' लागलं की रस्ते ओस पडायचे, ते पनवेललाही खरं होतं. माझ्या लक्षात राहिली ती वेगळी गोष्ट. ज्यांच्या घरी टीव्ही, त्यांच्याशी भांडण काढणं परवडायचं नाही. शनिवारी सिनेमा असायचा, म्हणून शुक्रवारपासून आळीत शांतता.

मग पिवळ्या पाट्यांचे एस.टी.डी. बूथ आले. काचेची खोली, आत धावणारे लाल आकडे, बाहेर बाकावर रांग. रात्री उशिरा दर पाव व्हायचा, म्हणून जेवणं उरकून लोक निघायचे. मी तेव्हा मुंबईत नोकरीला, रोज एस.टी.ने जाऊन येऊन. रात्री परतताना स्टँडाजवळच्या बूथवर कोण कोण बसलंय ते दिसायचं. मोहल्ल्यातल्या, नवरा आखातात असलेल्या बायका, पुण्याला मुलगा शिकायला ठेवलेले मास्तर, एखादा प्रेमात पडलेला. बूथवाला काकूंपेक्षा जास्त जाणून होता, पण तो पैसे घ्यायचा आणि नात्यात नव्हता, त्यामुळे त्याची लाज वाटायची नाही. कधी बिल जास्त झालं तर 'उद्या द्या' म्हणायचा. खोलीचं दार लावून बोलता येतं हे आमच्या पिढीने पहिल्यांदा तिथे अनुभवलं.

१९९८ ला हार्बर लोकल पनवेलपर्यंत आली आणि गावाचं उपनगर झालं. त्यानंतर चारेक वर्षांत मोबाईल. सुरुवातीला आलेल्या फोनलाही पैसे पडायचे, म्हणून माणसं खिशातला फोन वाजला की नंबर बघून कट करायची आणि जवळचा लँडलाइन शोधायची. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि मिस्ड कॉलची भाषा तयार झाली. एक रिंग म्हणजे निघालो, दोन म्हणजे बेलापूर आलं, भात लाव. बायको ती भाषा माझ्याआधी शिकली. आता मध्ये कोणी नव्हतं, काकूही नाहीत, बूथवालाही नाही.

२६ जुलै २००५ ला ते 'कोणी नसणं' काय असतं तेही कळलं. गाढी नदीचं पाणी पनवेलमध्ये शिरलं होतं, मी वाशीच्या अलीकडे अडकलो होतो आणि मोबाईलच्या पडद्यावर रेघ नाही. एका औषधाच्या दुकानदाराचा लँडलाइन चालू होता. त्याने आम्हा सगळ्यांना रांगेत उभं केलं नाही. एका वहीत घरचे नंबर लिहून घेतले आणि स्वतः एकेक लावत गेला. लागेल त्याला एवढंच सांगायचा: 'तुमचे साहेब माझ्यासमोर बसलेत, बिस्कीट खातायत.' माझ्या घरी फोन लागलाच नाही. पण ज्यांचा लागला त्यांना ते बिस्कीट किती उपयोगी पडलं असेल.

आता आम्ही खांदा कॉलनीत राहतो आणि आमच्यामध्ये एक ग्रुप आहे. सोसायटीचा. पूर्वी देहरंग धरणातलं पाणी आटलं की पालिकेची रिक्षा भोंगा लावून आळीतून फिरायची. आता 'उद्या पाणी नाही' एवढं ग्रुपवर येतं आणि त्याखाली एकवीस जण हात जोडतात, ते कशासाठी हे मला अजून उमगलेलं नाही. गाडी कोणी कुठे लावली याचे फोटो येतात. ज्याच्याशी लिफ्टमध्ये हसून बोललो त्याच्याच गाडीचा फोटो मजला आणि फ्लॅट नंबरासकट रात्री अकराला टाकायला आपल्याला काही वाटत नाही. तोंडावर बोलायची सवय गेली. ॲडमिन आमचे निवृत्त पोस्टमास्तर. त्यांच्या हातात काकूंपेक्षा जास्त सत्ता आहे, कारण त्या हाक मारायच्या किंवा मारायच्या नाहीत, इतकंच. हे माणसाला काढू शकतात. गेल्या निवडणुकीत दोघांना काढलं होतं. ते दोघं खाली बाकावर बसून एकमेकांशी बोलायचे, ती सोय अजून आहे.

मरणाची बातमीही तिथेच. 'अमरधाम, सकाळी ११.' खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिणाऱ्यांची रांग लागते आणि अमरधामला गेलं तर ओळखीचे चेहरे मोजके. लिहिलं म्हणजे जाऊन आल्यासारखं वाटत असावं.

सगळंच वाकडं आहे असंही नाही. नवी मुंबईच्या विमानतळाला शेतकरी नेते दि. बा. पाटलांचं नाव द्या म्हणून १० जून २०२१ ला मानवी साखळी झाली आणि २४ जूनला सिडकोला घेराव, तेव्हा गावोगावच्या आगरी-कोळी पोरांनी निरोप फोनवरूनच फिरवला. आठवडाभर आमच्या भाजीवालीपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांच्या स्टेटसला दि. बां.चा एकच फोटो. दि. बां.च्या आंदोलनातल्या, १९८४ च्या जासईच्या गोळीबाराची आठवण सांगणारी म्हातारी माणसं नातवाच्या मोबाईलसमोर बसून बोलत होती आणि नातू ते चढवत होता. पनवेलचा इतिहास मी त्या आठवड्यात जितका ऐकला तितका शाळेत ऐकला नव्हता.

मध्ये सरकार उभं असलं तर काय होतं, ते इराणमुळे कळलं, आणि इराण आमच्या घरात आला तो पुतण्यामुळे. माझ्या पिढीला इराण म्हणजे इराण्याच्या हॉटेलातला चहा, बाकी काही नाही. दादाचा मुलगा जहाजावर इंजिनिअर. त्याचं छोटं मालवाहू जहाज कांडल्याहून बासमती घेऊन बंदर अब्बासला जायचं. सुट्टीवर आला की तिथल्या गोष्टी सांगायचा. जहाजाचं इंटरनेट मोजून मिळायचं, म्हणून बंदरात उतरलं की तिथलं सिम. पण नुसतं सिम घेऊन भागत नाही, असं तो म्हणायचा. तिथे टेलिग्राम २०१८ मध्ये बंद केलं, २०२२ च्या सप्टेंबरात पोलिसांच्या ताब्यात असताना झालेल्या महसा अमिनीच्या मृत्यूनंतर लोक रस्त्यावर आले तेव्हा इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपही. त्यामुळे प्रत्येकाच्या फोनमध्ये सरकारी अडथळा ओलांडणारं ॲप असतं, त्याला ते 'फिल्टर शिकन' म्हणतात. बंदरातल्या एजंटने त्याला पहिल्या दिवशी सिम दिलं आणि दुसऱ्या मिनिटाला ते ॲप घालून दिलं. एजंटची आई सत्तरीची, पण एक ॲप चालेना की दुसरं लावायचं हे तिला पाठ, कारण मुलगी कॅनडात आणि नातवाला बघायचं तर रोज तेच करावं लागतं. गच्चीवरची डिश तिथे १९९० च्या दशकापासून कायद्याने बंद आहे आणि गच्चीवर डिश आहेच. मध्येच काढून नेतात, पुन्हा बसते. डिसेंबरातल्या सगळ्यात मोठ्या रात्री, यल्दाच्या रात्री, घरची सगळी जमून डाळिंब, कलिंगड खातात, कवी हाफिजचं पुस्तक उघडून वाचतात. एजंटच्या घरी तेव्हा सोफ्यावर एक उशी उभी करून तिला फोन टेकवतात आणि कॅनडातली मुलगी तिथे 'बसते'.

मला ते ऐकून हसू आलं होतं, पण वहिनीला नाही. ती म्हणाली, 'म्हणजे आपल्या कापडवाल्या काकूंसारखंच की. फोन येतो, पण कोणीतरी कान लावून बसलंय.' मी म्हटलं, काकू लाइन तोडत नव्हत्या.

व्हॉट्सॲपवरची बंदी तिथे २०२४ च्या डिसेंबरात उठली. पुतण्या खूश, आता ॲप लावायची कटकट नाही. सहा महिने टिकलं ते. १३ जून २०२५ ला इस्रायलने हल्ले सुरू केले तेव्हा त्याचं जहाज बंदरात होतं. पहिले चार दिवस त्याचे निरोप येत होते: मी ठीक आहे, इकडे काही नाही. मग तिथल्या सरकारी टीव्हीने लोकांना व्हॉट्सॲप काढून टाकायला सांगितलं आणि १८ तारखेच्या सुमाराला देशभरचं इंटरनेटच जवळजवळ बंद झालं. वहिनीने 'जेवलास का' असं पाठवलं होतं. त्यापुढे एकच टिक. दुसरी उमटेना. ती फोन उशाशी घेऊन झोपायची आणि झोपायची म्हणजे पडून असायची.

त्या दिवसांत घरात बातम्या मात्र भरपूर होत्या. टीव्हीवर भोंगा, नकाशावर लाल गोल, आणि दोन-तीन जण एकाच वेळी ओरडताना. कुटुंबाच्या ग्रुपवर 'बंदर उडवलं' म्हणून स्फोटाचा व्हिडिओ आला. तो बैरुतचा होता, ऑगस्ट २०२० चा. भावाच्या जावयाने सांगितलं, पण तोवर वहिनीने तो तीनदा बघितला होता. पाठवणारी आमची सख्खी आत्तेबहीण. तिचा हेतू काळजीचाच. तिला फोन करून विचारलं तर म्हणाली, 'मला आलं, मी पुढे केलं.' मला त्या वेळी कापडवाले शेठ फार आठवले. जिना उतरायला त्यांना जो वेळ लागायचा, तेवढ्यात काय सांगायचं आणि कसं, हे ठरायचं. भारत सरकार विद्यार्थ्यांना आर्मेनियामार्गे आणत होतं, त्याच्या बातम्या पाहून दादाने दिल्लीच्या मदतक्रमांकावर फोन लावला. त्यांनी नाव, पासपोर्ट लिहून घेतलं. खलाशी जहाजावरच असतात, हे त्यांनी नीट समजावलं.

एका दुपारी वहिनीच्या मोबाईलवर ९८ ने सुरू होणाऱ्या नंबरावरून फोन आला. तिने कापला. का, तर त्या वर्षी कोणालाही फोन लावला की आधी अमिताभ बच्चनच्या आवाजात ताकीद ऐकू यायची, अनोळखी लोकांपासून सावध राहा. शिवाय परदेशी नंबरावरून फसवणूक झाल्याच्या गोष्टी सोसायटीच्या ग्रुपवर रोज. आमच्याच इमारतीतल्या एका आजोबांना 'डिजिटल अटक' केल्याचं सांगून कोणी तासभर खोलीत बसवून ठेवलं होतं. पुन्हा वाजला, तिने पुन्हा कापला आणि नंबर ब्लॉक करायला पुतणीकडे दिला. पुतणीने देशाचा क्रमांक बघितला आणि तिच्या हातातून फोन गळायचा राहिला. तिसऱ्यांदा वाजला तो दादाच्या फोनवर. पुतण्याच होता, एजंटच्या फोनवरून, साध्या आंतरराष्ट्रीय कॉलवर. बाहेरून आत लावलेले फोन नीट लागत नव्हते, आतून बाहेर मधूनच लागायचे. पहिलं वाक्य त्याने रागात म्हटलं: 'आई फोन का कापते?' मागून कोणीतरी हसत होतं, तो एजंट. मग बोलणं झालं ते अगदी आमच्या आळीतल्यासारखं, कारण मिनिटाचे पैसे एजंटच्या खिशातून जात होते आणि तो शेजारी उभा होता. हो. बरं. जेवतो. सांगतो.

२४ जूनला युद्धबंदी झाली, पुढे जहाज सुटलं आणि तो ऑगस्टात घरी आला. आल्यावर पहिलं काम त्याने काय केलं तर घरातल्या प्रत्येकाचे नंबर कागदावर लिहून तो कागद त्याच्या कागदपत्रांत ठेवला. त्याच्या कॅप्टनचा तो जुना आग्रह, याने इतके दिवस ऐकला नव्हता. बंदर अब्बासमध्ये त्याला पाठ होते ते दोनच नंबर, आईचा आणि बापाचा. माझा नव्हता. मलाही त्याचा नाही.

आता तो नव्या जहाजावर आहे. खलाशांना जहाजावर इंटरनेट द्यायला हवं अशी दुरुस्ती आंतरराष्ट्रीय खलाशी करारात २०२४ च्या अखेरीस लागू झाली आहे आणि या कंपनीने ते मनावर घेतलेलं दिसतं. भर समुद्रातून व्हिडिओ कॉल होतो. वहिनी सकाळी त्याला चहाचा कप दाखवते, रात्री भाजी. तो ड्युटीवर असला तरी फोन वाजतो आणि दुसरी टिक ताबडतोब उमटते. परवा मला त्याने वेगळा मेसेज केला: काका, आईला सांग ना, दिवसातून एकदा पुरे.